काचेवर उतरलेले विजापूर

विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी बहुतेकांनी आधी चित्रात पाहिला आणि मग, जमले तर, प्रत्यक्षात. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तो असे, एखाद्या दुकानाच्या कॅलेंडरावर असे, उर्दू मासिकाच्या मुखपृष्ठावर असे. चित्रातला घुमट इतका ओळखीचा होऊन जातो की तो कोणी, कुठे उभे राहून आणि कोणत्या यंत्राने टिपला, हा प्रश्न मनात येतच नाही. इतिहास लिहिणारे बखरींची, फर्मानांची, शिलालेखांची उलटतपासणी घेतात. छायाचित्राची कोणी घेत नाही. जणू ते इमारतीने स्वतःच काढून दिलेले असते. ही उलटतपासणी इथे थोडीफार करायची आहे, आणि तीही भिंग, काच आणि फिल्टर यांच्या बाजूने.

मी बिद्रीचा, म्हणजे कागल तालुक्यातल्या दूधगंगा-वेदगंगेच्या पट्ट्यातला. बाहेरगावच्या माणसाला आमचे गाव साखर कारखान्यामुळे माहीत असते. विजापूर आमच्यापासून लांब. पण आमच्या मुलखावर आदिलशाहीचा अंमल पिढ्यान्‌पिढ्या होता, आणि पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यावर पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला फारसी लेख आजही आहे. याच इब्राहिमने जमाखर्चाचे दप्तर फारसीतून देशी भाषेत आणले, असे फिरिश्ता सांगतो. विजापूर आज कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत ते आणि आमचा कोल्हापूर जिल्हा एकाच मुंबई राज्यात होते. तेव्हा विजापूरच्या चित्रांची चौकशी ही परक्या घरातली लुडबूड नव्हे.

ज्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचे आहे तो आजच्या पिढीला जुन्या सिनेमातच दिसतो. तिपाईवर लाकडी चौकट, पुढे भिंग, मागे घासलेली काच, दोहोंमध्ये चामड्याचा किंवा कापडाचा भाता, आणि डोक्यावर काळे फडके घेतलेला माणूस. काचेवर प्रतिमा उलटी दिसते. ती नीट बसली की काचेच्या जागी प्लेटचा डबा सरकवायचा, पडदी ओढायची, भिंगावरचे झाकण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचे. आमच्याकडच्या स्टुडिओंत हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच चाले, फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ. पुढे फिल्म आली तेव्हा चार बाय पाच इंच हे माप जगभर रूढ झाले. खिशात मावणाऱ्या रिळाच्या कॅमेऱ्याच्या एका चौकटीपेक्षा हे क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट. नकाशा जसा कागद मोठा तसा जास्त सांगतो, तसेच हे. खांबावरचे एक अक्षर मोठ्या काचेवर अक्षर म्हणून उतरते. लहान चौकटीत त्याचा ठिपका होतो.

या यंत्राचे मूळ ज्या अंधाऱ्या खोलीत आहे, तिथे आपली एक जुनी ओळख निघते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसमने १०११ ते १०२१ या काळात ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा सात भागांचा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर दिव्यांची ओळ मांडायची. प्रत्येक दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर आपापल्या जागी पडतो. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच उजेड जातो. किरण सरळ रेषेत जातात आणि छिद्रात एकत्र येऊनही एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने असे दाखवले. अशा खोलीला अरबीत ‘अल-बैत अल-मुझलिम’ म्हणत. युरोपात लॅटिनमध्ये तिला ‘कॅमेरा’, म्हणजे खोली, म्हटले गेले. पोर्तुगीजांनी त्याच मुळाचा शब्द आपल्याकडे आणला आणि आपण उर्दू-हिंदीत ‘कमरा’ म्हणू लागलो. कमरा आणि कॅमेरा हे दोघे सख्खे भाऊ आहेत, ही गंमत मला नेहमी आवडत आली आहे.

छायाचित्रणाची विद्या १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि वर्षभरात मुंबई-कलकत्त्याला पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या सभासदांपैकी होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ चालवला. याच सुमारास लंडनच्या कंपनी सरकारला हिशेब सुचला, की पुरातन इमारतींची चित्रे काढायला चित्रकार ठेवण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त पडेल. १८५५ मध्ये मुंबई तोफखान्याचा कॅप्टन टॉमस बिग्ज याला या कामावर नेमले. विजापूर, बदामी, ऐहोळे असा त्याचा फेरा झाला. तो पलटणीत परत गेल्यावर डॉ. पिगू याने काम पुढे चालवले.

बिग्जपुढे निवड होती. १८५१ साली दोन पद्धती पुढे आल्या होत्या. एक मेण लावलेल्या कागदाची, दुसरी ओल्या काचेची. काचेवर कलोडियन ओतायचे, चांदीच्या द्रावणात बुडवायचे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. थंड देशात हाताशी दहा-पंधरा मिनिटे तरी मिळत. विजापूरच्या उन्हात त्याहून कमी. जिथे इमारत तिथे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणी न्यायचे. त्या बदल्यात चित्र धारदार मिळे आणि काही सेकंदांत काम होई. कागद मात्र आधी तयार करून नेता येई, तो हलका, फुटण्याची भीती नाही, आणि मुक्कामावर परतल्यावर सावकाश धुता येई. बिग्जने कागद निवडला. बैलगाडीच्या वाटेने हिंडणाऱ्या माणसाने दुसरे काय निवडावे? पण त्या निवडीची किंमत इमारतींनी मोजली. कागदाच्या निगेटिव्हमधून ठसा घेताना कागदाचे तंतूही त्यात उतरतात, कडा मऊ होतात. घुमटाचा भव्य आकार अशा चित्रात झकास दिसतो. इब्राहिम रौझ्याच्या भिंतीवरची बारीक अक्षरे मात्र धुक्यात गेल्यासारखी होतात.

हा रौझा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (कारकीर्द १५८० ते १६२७) ही कबर. कबरीच्या दालनाच्या बाहेरच्या भिंती उथळ कोरीव कामाने आणि अरबी लिपीने भरलेल्या आहेत, आणि खिडक्यांच्या दगडी जाळ्याही अक्षरांच्याच आहेत. अक्षरांच्या मधल्या फटींतून आत उजेड जातो. ही इमारत वाचायची आहे. तिचा आकार टिपला आणि अक्षर हरवले, तर अर्धी इमारत हरवली.

१८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ काढला. इतिहास मेडोज टेलरचा, वास्तुविवेचन जेम्स फर्ग्युसनचे, आणि छायाचित्रे खरोखरची, पानांवर चिकटवलेली. शीर्षकपानावर एक प्रामाणिक कबुली आहे. काही छायाचित्रे कर्नल बिग्ज (तोवर तो कर्नल झाला होता) आणि मेजर लॉक यांनी प्रत्यक्ष जागेवर काढली, आणि बाकीची कॅप्टन हार्ट, कमिंग आणि ‘देशी नकाशानवीस’ यांच्या रेखाटनांवरून. म्हणजे जिथे भिंगाचे चालले नाही तिथे हाताने काढलेले चित्र कॅमेऱ्यापुढे ठेवून त्याचा फोटो घेतला. हार्टचे नाव छापले, कमिंगचे छापले. देशी नकाशानवीस देशीच राहिले. विजापूरच्या नक्षीचे माप घेऊन ती कागदावर उतरवणारा हात कोणाचा होता, हिंदूचा की मुसलमानाचा, हे ग्रंथ सांगत नाही.

आता भिंगाकडे वळतो. त्या काळी निसर्गदृश्यासाठी आणि इमारतीसाठी एकेरी भिंग वापरीत. मध्यभागी ते चांगले काम देई, कडेला सरळ रेषा वाकवी. झाडाचे खोड जरा वाकले तर कोणाला कळत नाही; मिनाराची कड वाकली की इमारत खोटी दिसते. यावर तोड १८६६ मध्येच निघाली. लंडनला डालमायर आणि जर्मनीत स्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दोन सारखी अंगे समोरासमोर बसवलेले भिंग काढले. एका अंगाचा बाक दुसरे अंग पुसून टाकते. ग्रंथ छापून झाला आणि त्यासाठी हवे होते ते भिंग त्याच वर्षी बाजारात आले! पुढे १८९० मध्ये त्साइसचे अॅनास्टिग्मॅट आणि १८९२ मध्ये गोर्ट्झचे डागोर आले, आणि कडेपर्यंत धार देणारी भिंगे मिळू लागली. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्सने १९१६ मध्ये विजापूरवर जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, तो कोरड्या काचांच्या आणि सुधारलेल्या भिंगांच्या जमान्यातला. बिग्जची चित्रे आणि कझन्सची चित्रे शेजारी ठेवली तर साठ वर्षांत इमारती किती बदलल्या याआधी भिंगे किती बदलली हे नजरेत भरते. मधल्या काळात, १८८५ मध्ये, विजापूर जिल्ह्याचे ठिकाण झाले होते आणि जुन्या महालांत कचेऱ्या थाटल्या गेल्या होत्या. तेव्हा कोणता बदल दगडातला आणि कोणता काचेतला, हे वेगळे करूनच ही चित्रे पुरावा म्हणून वापरायला हवीत.

मोठ्या कॅमेऱ्याची खरी करामत मात्र भिंगापेक्षा त्याच्या सांध्यांत आहे. उंच इमारतीसमोर उभे राहून साधा कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात आणि इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात मागची काच ओळंब्यात सरळ ठेवायची आणि फक्त भिंग वर सरकवायचे. भिंती सरळच राहतात. गवंडी ज्या न्यायाने ओळंबा सोडतो तोच न्याय.

पण किती वर सरकवता येईल याला मर्यादा आहे, आणि भिंग विकत घेताना लोक इथेच फसतात. गोल घुमटाचेच उदाहरण घेऊ. मुहंमद आदिलशहाच्या (कारकीर्द १६२७ ते १६५६) या कबरीची उंची जवळजवळ २०० फूट आहे. आपण ३०० फुटांवर चार बाय पाच कॅमेरा उभा केला, त्याला १५० मि.मी.चे भिंग लावले, तर घुमटाची प्रतिमा सुमारे १०० मि.मी. उंच पडेल. चौकट १२० मि.मी.ची, म्हणजे प्रतिमा मावते. मात्र कॅमेरा माणसाच्या उंचीवर असल्याने ती जवळजवळ सगळी क्षितिजाच्या वर आहे, आणि भिंग सुमारे ४५ मि.मी. वर सरकवावे लागते. असे केले की चौकटीचा कोपरा भिंगाच्या मध्यापासून सुमारे ११५ मि.मी. दूर जातो, म्हणजे भिंगाने २३० मि.मी. व्यासाचे उजेडाचे वर्तुळ टाकले पाहिजे. चांगल्या प्रतीचे १५० चे भिंग एफ २२ ला २१० ते २२० टाकते. कोपरे काळे पडणार. मग २१० मि.मी.चे भिंग घ्यायचे आणि ४२० फुटांवर जायचे. प्रतिमा तेवढीच पडते, पण या भिंगाचे वर्तुळ ३०० च्या आसपास असते, तेव्हा अडचण उरत नाही. आता अडचण भिंगाची नसून जमिनीची. घुमटासमोर नक्कारखान्याची इमारत उभी आहे. मनाला येईल तितके मागे सरकता येत नाही. जुन्या चित्रांत घुमट वारंवार कोपऱ्यातून, तिरका का दिसतो, याचे एक कारण मला या हिशेबात दिसते. ज्याला आपण छायाचित्रकाराची सौंदर्यदृष्टी म्हणतो ती पुष्कळदा जागेची टंचाई असते.

म्हणून एकच भिंग घेण्याची ऐपत असेल (आणि आपल्यापैकी बहुतेकांची तेवढीच असते), तर इमारतींसाठी भिंगाच्या नावापेक्षा त्याच्या वर्तुळाचा आकडा आधी विचारावा. चार बाय पाचला २१० चे भिंग हा माझा कौल. अंगण अरुंद असेल तिथे ९० चे रुंद भिंग लागते, पण त्याने घुमट लहान आणि पायऱ्या मोठ्या दिसतात. जुने भिंग घेताना ते उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे आहे का पाहावे. आमच्या भागातल्या पावसाळ्यात पुस्तकालाही बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा! भात्यात बल्ब लावून अंधारात भोके शोधावीत.

लाकडी सांगाड्याबद्दल काळजीचे कारण नाही. हा एकच कॅमेरा असा आहे की जो गावचा चांगला सुतारही करू शकतो. केरळात आलप्पुझाला १९४० च्या दशकापासून सागवानी लाकडाचे ‘वागीश्वरी’ कॅमेरे तयार होत आणि देशभरच्या स्टुडिओंत जात. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चक्क सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सुतारकाम, लोहारकाम आणि चामड्याचे हुनर या तिन्हींसाठी कोल्हापूर प्रसिद्ध. भात्यापासून चौकटीपर्यंत सगळे इथे होऊ शकले असते. अडे ते भिंगापाशी. ते घासण्याची विद्या आपल्याकडे रुजली नाही. इब्न अल-हैसमचा वारसा सांगणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

जुन्या चित्रांतले आभाळ पाहा. विजापूर असो की आग्रा, आभाळ पांढरे सपाट. त्या दिवशी ढग नव्हते असे नव्हे. सुरुवातीच्या काचांना फक्त निळा आणि जांभळा उजेड कळे; निळे आभाळ आणि पांढरा ढग दोन्ही सारखेच उजळ होत. लाल त्यांच्या लेखी काळोखच. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या लेपात रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा उजेड कळवला. अशा ऑर्थोक्रोमॅटिक काचा पुढे कितीतरी वर्षे आपल्या स्टुडिओंत चालल्या. आमच्या घरात पणजोबांचा एक हाफ प्लेटचा फोटो आहे. खिलाफत चळवळीच्या दिवसांतला, डोक्यावर तुर्की टोपी. टोपी लाल होती असे आजी शपथेवर सांगे, आणि फोटोत ती कोळशासारखी काळी. लहानपणी आम्हाला आजीच चुकते असे वाटे. चुकत होती ती काच.

सगळे रंग कळणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडच्या रॅटन कंपनीने १९०६ मध्ये विकायला आणल्या आणि त्यांच्या जोडीला रंगीत फिल्टर. फिल्टर म्हणजे वाटा वाढणारा. आपला रंग जाऊ देतो, विरुद्ध रंगाला अडवतो. पिवळा फिल्टर आभाळ थोडे गडद करतो आणि दुप्पट एक्स्पोजर मागतो. लाल फिल्टर आभाळ जवळजवळ काळे करतो आणि आठपट मागतो. आमच्या बिद्रीच्या उसाच्या फडावर लाल फिल्टर लावला तर हिरवा ऊस काळाठिक्कर पडतो. पिवळसर हिरवा लावला तर पाते न् पाते वेगळे दिसते.

चित्रकाराच्या डोळ्याला हे उपजत कळते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) हे कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या वडिलांचे चिरंजीव. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले आणि कोटितीर्थाच्या पाण्यावरचा उजेड आयुष्यभर रंगवत बसले. ज्या काळात काचेला हिरवा आणि लाल यांचा मेळ घालता येत नव्हता त्या काळात हा माणूस सकाळच्या आणि संध्याकाळच्या हिरव्यातला फरक रंगवत होता. त्या वर्षांतल्या कोल्हापूरचा उजेड कसा होता याची साक्ष मी कुठल्याही प्लेटपेक्षा आबालालांकडून घेईन.

आता एक नाजूक गोष्ट. विजापूरच्या या चित्रांत आपली माणसे कुठे आहेत? आहेत, पण मापासाठी. कमानीची उंची कळावी म्हणून पायाशी उभा केलेला एखादा मुजावर, एखादा भिस्ती. मिनिटभर हलू नकोस म्हणून बजावलेला. यावर आपल्यातले काहीजण म्हणतात की तसवीर आपल्याला निषिद्ध, म्हणून आपण कॅमेऱ्यापासून दूर राहिलो. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरावा त्याला साथ देत नाही. लखनौत १८५७ च्या आधीच अहमद अली खान कॅमेरा चालवत होते आणि दरोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये ‘लखनौ आल्बम’ प्रसिद्ध केला. उठावाच्या तोफांनी फोडलेल्या शहराची पन्नास चित्रे त्यात आहेत. मिसरी सैन्यातले इंजिनियर मुहंमद सादिक यांनी १८६१ मध्ये मदिन्याची आणि १८८० मध्ये मक्केची पहिली छायाचित्रे घेतली, मोठ्या काचांवर, वाळवंटात पाणी वाहून. इमारतीच्या चित्राला आक्षेप घेणारा आलिम तसा विरळाच. आपण दूर राहिलो ते खर्चामुळे आणि शिक्षणामुळे. काच, चांदीचे क्षार, विलायती भिंग हे सरकारी पगारावर किंवा शेटजीच्या थैलीवर चालणारे काम होते. लखनौच्या दरोगाला नबाबी कारखान्यांची परंपरा होती. विजापूरच्या मुजावराला काय होते?

फिल्म आजही मिळते. इल्फर्डची चार बाय पाच इंचांची फिल्म अजून निघते, आणि जुना कॅमेरा घासाघीस करून घेता येतो. मोबाइलवर सगळे होते तर हा खटाटोप कशाला, असे मला गावात विचारतात. एका ठिकाणी त्याची गरज मला निश्चित वाटते, आणि ते म्हणजे शिलालेख. पन्हाळ्याचा असो, एखाद्या दर्ग्याच्या चौकटीवरचा असो की पडक्या मशिदीच्या मेहराबीवरचा, आपल्या भागातले फारसी-अरबी लेख ऊन-पावसाने झिजत आहेत आणि भक्तीने रंगवलेही जात आहेत. चुन्याचे हात वर्षानुवर्षे चढत गेले की ठळक अक्षरही बुजते. अशा लेखाची पुरेशी मोठी निगेटिव्ह असेल तर पन्नास वर्षांनी कोणी फारसी जाणणारा ती भिंगाखाली धरून वाचू शकेल.

यासाठी थोडी कारागिरी सांगतो. काळा दगड मुळात राखी, त्याला स्वतःचा रंग फारसा नाही. तेव्हा फिल्टर दगडावर काम करत नाही, तो सावलीवर करतो. कोरलेल्या अक्षराच्या खोबणीत सूर्य पोहोचत नाही, तिथे आभाळाचा निळा उजेड असतो. नारिंगी किंवा लाल फिल्टर तो निळा अडवतो, खोबणी काळी होते आणि अक्षर उठून दिसते. मात्र दर्ग्याच्या चौकटीला हिरवा ऑइलपेंट दिलेला असेल तर लाल फिल्टर लावू नये. अख्खी चौकट काळी होऊन सावली तिच्यातच बुडते. तिथे हिरवा लावावा, रंग उजळतो आणि सावली राहते. ऑइलपेंटची चमक डोळ्यांवर येत असेल तर पोलरायझर फिरवून ती घालवता येते. उजेड समोरून नको, भिंतीला घासून जाणारा हवा. पूर्वाभिमुख भिंतीला तो दुपार होता होता मिळतो, पश्चिमेच्या भिंतीला दुपार टळताना. आतल्या बाजूच्या लेखाला सूर्य कधीच मिळत नसेल तर घरातला आरसा घेऊन एकाने बाहेर उन्हात उभे राहावे.

लेखाजवळ जाऊन फोटो घेताना भाता लांबतो आणि उजेड कमी पोहोचतो. १५० चे भिंग ३०० पर्यंत लांबवले तर चौपट एक्स्पोजर द्यावे लागते. शिवाय फार मंद उजेडात फिल्म आळसावते. मीटरने दहा सेकंद सांगितले तर इल्फर्डच्या एचपी फाइव्हला वीस द्यावे लागतात, एक मिनिट सांगितले तर साडेतीन मिनिटे. गोल घुमटाच्या आतल्या १३५ फूट चौरस दालनात हा हिशेब रोज लागेल. फोकस फिल्टर लावूनच तपासावा, आणि जिलेटिनचे फिल्टर असतील तर दमट हाताने धरू नयेत. संरक्षित वास्तूत तिपाई लावण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची चौकशी करावी. दर्ग्यात मुजावरांना विचारावे, आणि शक्य तर पहिला ठसा त्यांनाच द्यावा.

प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर शिसपेन्सिलीने तारीख, वेळ, भिंतीची दिशा, भिंग, फिल्टर आणि एक्स्पोजर लिहावे. मापासाठी कोणाला चौकटीपाशी उभे केले असेल तर त्याचे पूर्ण नाव आणि गाव त्याच पाकिटावर लिहून घ्यावे.